अकरावीला इतिहास घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमातून यंदा दहावी झाली. तिला नव्वद टक्क्यांहून अधिक गुण आहेत. इतिहास घेऊन कला शाखेत जायचे आणि पुढे दिल्ली विद्यापीठात किंवा मुंबईतल्याच चांगल्या महाविद्यालयात इतिहासाची पदवी घ्यायची, असे तिने ठरवले आहे. नातेवाइकांचे म्हणणे असे की एवढे गुण असताना विज्ञान सोडू नये. दिल्लीला जायचे तर आतापासूनच सीबीएसईत जावे लागेल, असेही एकांनी सांगितले. काय करावे?
— एक आई, दादर

उत्तर : मंडळ बदलण्याची गरज नाही, हे आधी स्पष्ट सांगते. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सर्वसाधारणपणे बारावीच्या गुणांवर लागणाऱ्या गुणवत्ता याद्यांनी होतात, आणि ज्या महाविद्यालयातून अकरावी-बारावी केली तेथे त्या विद्यार्थ्यांना पदवीच्या प्रवेशात प्राधान्य मिळते. झेवियर्ससारखी स्वायत्त महाविद्यालये आपली प्रक्रिया स्वतः ठरवतात. ती त्या त्या वर्षी पाहावी. म्हणून अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतिक्रम भरताना केवळ गेल्या वर्षीच्या कटऑफवर जाऊ नये. त्या कनिष्ठ महाविद्यालयाला जोडून पदवीचे वर्ग आहेत का, तेथे बी.ए.ला शेवटच्या वर्षापर्यंत इतिहास शिकवला जातो का, आणि अकरावीला इतिहास हा अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्राबरोबर घेता येतो की त्यांच्याऐवजी घ्यावा लागतो, एवढ्या गोष्टी कार्यालयात जाऊन विचाराव्यात. रुईया, रुपारेल, कीर्ती ही महाविद्यालये आपल्याला जवळ आहेत. मुलीला सोबत न्यावे आणि शक्य झाल्यास इतिहासाच्या प्राध्यापकांनाही भेटावे.

दिल्लीचा मार्ग वेगळा आहे. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा होते आणि दिल्ली विद्यापीठ प्रवेश देताना तिचेच गुण पाहते. बारावीचे गुण तेथे मुख्यतः पात्रतेपुरते उरतात. अलीकडच्या रचनेत प्रत्येक विषयाला 50 प्रश्न आणि 60 मिनिटे असतात. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकलेल्याला एक गुण वजा होतो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. बारावीला जे विषय होते त्याच विषयांचे सीयूईटी पेपर विचारात घ्यायचे, असा दिल्ली विद्यापीठाचा दंडक असल्यामुळे अकरावीला आज निवडलेल्या विषयांचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो. इतिहासाबरोबर राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र किंवा भूगोल हा संच मला त्यासाठी चांगला वाटतो.

अडचण मंडळाची नाही, अभ्यासक्रमाची आहे. सीयूईटीचा इतिहास एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत चालणाऱ्या, बारावीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे. ती पुस्तके हडप्पा संस्कृतीपासून सुरू होऊन संविधान सभेपर्यंत येतात. आपल्या राज्य मंडळात प्राचीन आणि मध्ययुगीन भारत अकरावीला संपतो, आणि बारावीला युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, मराठ्यांचा वसाहतवादाशी संघर्ष, महायुद्धे, शीतयुद्ध असा क्रम येतो. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष असे समजून ते वाया घालवणारी मुले पुष्कळ आहेत. दिल्लीची इच्छा असलेल्या मुलीने मात्र अकरावीचे पुस्तक शिकतानाच एनसीईआरटीचा पहिला भाग शेजारी ठेवावा. ती पुस्तके मराठीत नाहीत. इंग्रजीतून वाचून टिपणे मराठीत काढण्याची सवय लावली, तर दिल्लीच्या वर्गातही तिला अडखळायला होणार नाही.

हे वाचन केवळ परीक्षेपुरते राहू नये, म्हणून एक प्रकरण दाखवते. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि हा उठाव आसपासच्या गावांत पसरला. त्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. एनसीईआरटीचे पुस्तक हा उठाव सांगून थांबत नाही. सरकारी साऱ्यामुळे, म्हणजे जमीन महसुलामुळे, शेतकरी चिडला का, असा प्रश्न आयोगाला मुद्दाम घालून दिलेला होता आणि सारा हे कारण नाही, दोष सावकाराचा, असा निष्कर्ष आयोगाने काढला, याकडे ते विद्यार्थ्याचे लक्ष वेधते. हा अहवाल कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात कोणाचा आवाज नाही, असे प्रश्न जी मुलगी सोळाव्या वर्षी विचारू लागते तिला बहुपर्यायी प्रश्न सोडवणे जड जात नाही, आणि पुढे बी.ए.च्या वर्गात तिला खरा आनंद मिळतो. आपल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवात इतिहासलेखनाच्या परंपरांपासूनच होते. बहुतेक शाळांत ती प्रकरणे भराभर उरकली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सुट्टीत मुलीने ती पुन्हा वाचावीत.

विज्ञानाबद्दल एवढेच म्हणेन की गुण अधिक आहेत हे विज्ञान घेण्याचे कारण होऊ शकत नाही. आवड नसताना दोन वर्षे भौतिकशास्त्र आणि गणिताच्या क्लासमध्ये काढून बारावीला मध्यम गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यापेक्षा, मनापासून इतिहास वाचून उत्तम गुण मिळवलेल्या विद्यार्थिनीला मुंबईतही अधिक दारे उघडी असतात. बारावीच्या इतिहासात 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुण महाविद्यालयाच्या हाती असतात. ‘तुमचे मत नोंदवा’ आणि ‘सकारण स्पष्ट करा’ अशा प्रश्नांना पाठ केलेल्या परिच्छेदांऐवजी मुद्देसूद उत्तरे लिहिणाऱ्याचे गुण सहसा कमी होत नाहीत.

प्रश्न : मुलगा पवईतील आंतरराष्ट्रीय शाळेत दहावीत आहे आणि पुढे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा हा अकरावी-बारावीच्या पातळीचा अभ्यासक्रम करणार आहे. अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करण्याचा विचार आहे. समुपदेशक म्हणतात, इतिहास हायर लेव्हलला, म्हणजे वरच्या पातळीवर, घ्यावा. मुलाला भीती वाटते की गुण कमी पडतील. त्याचे मित्र अमेरिकेच्या इतिहासाची एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा बाहेरून देत आहेत. तीही द्यावी का?
— एक वडील, पवई

उत्तर : अमेरिकेतील विद्यापीठे नववीपासून बारावीपर्यंतची गुणपत्रके पाहतात, आणि त्यांच्याबरोबर शाळेत कोणते अभ्यासक्रम उपलब्ध होते व त्यांतील किती कठीण अभ्यासक्रम विद्यार्थ्याने घेतले, हेही पाहतात. शाळेत जो अभ्यासक्रम नाही तो घेतला नाही म्हणून विद्यार्थ्याचे काही बिघडत नाही. आपल्या मुलाच्या शाळेत आयबी आहे. तेव्हा त्याचे मोजमाप आयबीतच होईल.

एपी यूएस हिस्टरी हा मुळात अमेरिकेतील शाळांतला, बहुधा अकरावीत घेतला जाणारा, महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम आहे. परीक्षा मे महिन्यात होते आणि श्रेणी 1 ते 5 अशी असते. तिच्यातील एका प्रश्नात विद्यार्थ्याला सात साधने दिली जातात, म्हणजे भाषणाचा उतारा, पत्र, व्यंगचित्र, एखादा तक्ता, आणि त्यांच्या आधारे तासाभरात आपले म्हणणे मांडणारा निबंध लिहायचा असतो. हा प्रश्न मला फार आवडतो. परंतु तेथील मुले वर्षभर वर्गात त्याचा सराव करतात. पवईत बसून रविवारच्या शिकवणीत तो साधणे अवघड आहे, आणि भारतीय विद्यार्थ्याने अमेरिकेचा इतिहास शिकलेला असावा अशी तेथील विद्यापीठांची अपेक्षाही नसते. मित्र देत आहेत एवढेच कारण असेल, तर ही परीक्षा सोडून द्यावी.

हायर लेव्हलचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आयबीत हायर लेव्हलच्या विषयाला सुमारे 240 तास आणि स्टँडर्डला 150 तास धरलेले असतात. हा फरक वाचनाचा आणि लेखनाचा आहे. मुलाला साहित्य, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा कायदा या दिशेने जायचे असेल तर इतिहास हायर लेव्हललाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. अभियांत्रिकीकडे कल असेल तर गणित आणि भौतिकशास्त्राला हायर लेव्हलची जागा द्यावी आणि इतिहास स्टँडर्डला ठेवावा. त्याने अर्ज दुबळा होत नाही. निर्णयापूर्वी शाळेतील इतिहासाच्या शिक्षकांकडून गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा एखादा संशोधन-निबंध मुलाला वाचायला मागावा. तो वाचताना कंटाळा आला की उत्सुकता वाटली, यावरून समुपदेशकापेक्षा खरे उत्तर मिळेल. आयबीतला चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे दीर्घ संशोधन-निबंध, इतिहासात लिहायचा ठरला, तर मुंबईसारखे शहर नाही : एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे, भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. गिरणगाव, गोदी, प्लेगची साथ यांपैकी कुठलाही लहानसा विषय धरून मूळ कागद पाहिलेला मुलगा अर्जातील निबंधातही ठोस काही सांगू शकतो.

ब्रिटनचाही विचार असेल तर एक सावधगिरी बाळगावी. तेथे अर्ज करतानाच पदवीचा विषय ठरवावा लागतो, आणि इतिहासाच्या पदवीसाठी हायर लेव्हलचा इतिहास मागणारी किंवा त्याला झुकते माप देणारी विद्यापीठे तेथे आहेत. अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवण्याची मुभा असते.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. मला आता पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम किंवा मुंबईतच इतिहासात बी.ए. करायचे आहे. इतिहास घेतलेला नाही, याचा तोटा होईल का?
— एक विद्यार्थिनी, बोरिवली

उत्तर : नाही. राज्याची विधी सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट या दोन्ही प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना देता येतात, आणि मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.लाही शाखेची आडकाठी नाही. क्लॅटमध्ये इतिहासाचा वेगळा विभाग नसतो. 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात आणि ते उताऱ्यांवर आधारलेले असतात, त्यामुळे रोज एक अग्रलेख वाचून त्यातील युक्तिवाद दोन ओळींत लिहून काढण्याचा सराव तुला अधिक उपयोगी पडेल. या वर्षी इतिहासाचा क्लास लावू नकोस. बारावीचे गुण सांभाळ, कारण बी.ए.च्या यादीत तेच मोजले जाणार आहेत. बारावीच्या परीक्षेनंतर निकाल लागेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात राज्य मंडळाची अकरावी आणि बारावीची इतिहासाची पुस्तके वाचून काढ. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. महाविद्यालयाचा अर्ज भरताना तेथे इतिहास मुख्य विषय म्हणून उपलब्ध आहे की केवळ दुय्यम विषय म्हणून, हे माहितीपुस्तिकेत पाहून घे.