अडाससाठी दीड लाख जास्त मोजावेत का?

गुहागर तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचा प्रश्न आहे. नव्या गाडीच्या मधल्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) आहेच. दीड लाख जास्त दिले तर अडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, मिळते: आपोआप लागणारा ब्रेक, लेन धरून ठेवणं, ऑटो हाय बीम. वर बाहेरून पुढच्या बंपरवर लोखंडी गार्ड आणि जादा एलईडी दिवे बसवायचा विचार आहे. सगळं कर्जातून. घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी हे करावं का?

मधलं मॉडेल घ्या. गार्ड आणि दिवे अजिबात नकोत.

दीड लाख पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता महिना सुमारे ३,११५ रुपयांनी वाढतो आणि फेड १ लाख ८७ हजारांच्या घरात जाते. तुमचा पैसा येतो मार्च ते मे. हप्ता मात्र भर श्रावणातही कापला जाणार. पुढची काच फुटली तर अडासच्या कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनचा (पुन्हा जुळवून घेण्याचा) खर्च वेगळाच.

आणि या पैशात मिळतं काय? तुम्ही लिहिता, बहुतेक फेऱ्या वाडीतून चिपळूणच्या बाजारापर्यंत. वाडीच्या रस्त्याला दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, मध्ये रंगवलेला पट्टाच नाही. तिथे लेन धरणार कशी? ऑटो हाय बीम समोरच्या गाडीचे दिवे ओळखून खाली येतो. अंधारात पायी येणारी आजी किंवा दिवा नसलेली सायकल त्याला ओळखता येईलच असं नाही, मग पूर्ण झोत तिच्या डोळ्यांवर. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेच्या २०१९च्या चाचण्यांत पादचारी पाहून ब्रेक लावणारी यंत्रणा रात्री निष्प्रभ ठरली होती. शिवाय ब्रेक अचानक लागला की गाडी थांबते, मागे चिकटून येणारा मासळीवाला स्कूटरसकट आदळतो. मुंबईच्या हायवेवर रोजचा प्रवास असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

गार्डविरुद्ध कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितलं आहे. बॉनेट दबतं, लोखंड दबत नाही. पायी चालणाऱ्याला मार जास्त बसतो. एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनीला हरकत घ्यायला आयती जागा मिळते. तुम्हाला घरच्यांची काळजी आहे हे मला कळतं, पण त्याच रस्त्यावरून तुमची मुलं शाळेला चालत जातात.

वाचलेल्या पैशातून सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या एफडीत ठेवा. सक्तीचा १५ लाखांचा अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो. सोबत बसणाऱ्यांचं कव्हर जोडून घ्या. टायर आणि वायपर पावसाआधी बदला.

गाडी ताब्यात घेताना हेडलाइट लेव्हलिंगची चकती कुठे आहे ते विचारा. मागे पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं आणि लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा चकती फिरवून झोत खाली घ्यायचा.