नवी बॅटरी मागवण्याआधी

भो, लॅपटॉप मधेच बंद पडतो म्हणून लगेच नव्या बॅटरीची घाई करू नकोस. लॅपटॉप बंद कर, चार्जर काढ, बॅटरी सुटी निघत असेल तर तीही काढ आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धर. मग नुसत्या चार्जरवर चालू करून बघ. नीट चालला तर संशय बॅटरीवर. पिन हलली की बंद पडत असेल, तर दोष चार्जरचा नाहीतर जॅकचा, म्हणजे लॅपटॉपवर पिन बसते त्या खाचेचा. दुसऱ्याचा चार्जर लावताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. पिन बसते म्हणून काहीही खुपसू नकोस.

विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढ. डिझाइन कपॅसिटी (नवी असताना मावायचा तो चार्ज) ४८,००० mWh आणि फुल चार्ज (आता मावतो तो) १९,००० mWh दिसली, तर सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही, ती गेलीच.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास, त्यात पत्र्याची खोली, गादीवर लॅपटॉप, दिवसभर चार्जिंग. बॅटरीचं भरीतच व्हायचं. टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ फुगला, तर वापर तिथंच थांबव. टोचू-दाबू नकोस, सरळ दुरुस्तीवाल्याकडे ने. जुनी काढलेली बॅटरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नको. न वापरता पडून राहिली तरी ती झिजतेच.