आरसीवर नाव तिसऱ्याचंच, गाडी घेऊ का?

प्रश्न: मोटरसायकल नुकतीच शिकले आहे. पहिली गाडी म्हणून जुनी शंभर सीसीची पसंत केली, कारण ती हलकी आहे आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात. इसार दिल्यावर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, पाहिलं, तर नाव विकणाऱ्याचं नाही, भलत्याच माणसाचं. विकणारा म्हणतो, "मी दोन वर्षं अशीच वापरली. मूळ मालकाच्या सह्यांचे फॉर्म आहेत, तुमचं नाव टाका की झालं." दुसरी एक दीडशे सीसीची आहे. तिचे कागद चोख आहेत, पण ती मला जड जाते. काय करावं?

उत्तर: उरलेले पैसे अजून देऊ नका.

गाडी तुम्ही चुकीची निवडलेली नाही. नवशिक्याने आपल्याला सावरता येईल तेवढीच गाडी घ्यावी, त्यामुळे केवळ कागद चोख आहेत म्हणून जड गाडीकडे वळू नका. अडचण इंजिनाची नाही, सह्यांची आहे.

ते फॉर्म म्हणजे गाडी नव्या मालकाच्या नावावर करण्याचे, २९ आणि ३० नंबरचे. कोऱ्या सह्या घेऊन ते हातोहात फिरवणं इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण एकदा तो कागद उजेडात धरून बघा. घेणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी, तारखेची रिकामी, खाली एक सही, आणि ती कुणासमोर झाली हे सांगायला कुणी नाही. त्यात तुम्ही नाव घातलंत की, ज्याला कधी पाहिलंही नाही अशा माणसाने मला गाडी विकली, असं तुम्ही आरटीओला लिहून देता. उद्या तो "माझी गाडी चोरीला गेली होती" म्हणाला, तर पोलिसांपुढे उभं राहायचं तुम्हाला. मधला माणूस, म्हणजे तुमचा विकणारा, तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमच्या विकणाऱ्याने दोन वर्षांत ते केलेलं नाही. उशिराचा दंड भरून नाव अजूनही बदलता येतं, पण त्यासाठी मूळ मालक समोर यायला हवा.

तो येईल का? यावं असं त्यालाच वाटेल, फक्त कुणीतरी त्याला सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय की, गाडी कितीही हात बदलो, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. माझ्याकडे असे गृहस्थ आले आहेत, ज्यांना आपण गाडी कधी विकली तेही आठवत नव्हतं आणि हातात अपघात न्यायाधिकरणाची नोटीस होती. तेव्हा मूळ मालकाला फोन करा आणि हे शांतपणे सांगा. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी हजर होतात. तो हयात नसेल तर वारसांचे कागद लागतील. त्या भानगडीत पहिल्या गाडीसाठी पडू नका.

विम्याचंही असंच आहे. त्याच कायद्याच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण पॉलिसीत नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडी चोरीला गेली किंवा मोडली, तर त्या नुकसानीचा विमा असा आपोआप तुमचा होत नाही. चालवणाऱ्या मालकाचा अपघात विमाही नोंदणीकृत मालकासाठीच असतो, आणि नवशिक्याला खरी गरज त्याचीच.

मूळ मालक भेटला तर सह्या तुमच्यासमोर होऊ द्या, आणि त्याने मधल्या माणसाला गाडी विकल्याचं त्याच्याकडून लिहून घ्या. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. परिवहन खात्याच्या पोर्टलवर कर्जाचा बोजा, थकलेली चलानं आणि नोंदणीची मुदतही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. बोजा असेल तर तो उतरल्याचा, बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत थांबा.

इसाराचं म्हणाल तर, मन बदललं म्हणून सौदा मोडलात तर तो बुडू शकतो. विकणारा गाडी नावावर करून देऊ शकत नाही म्हणून मोडलात, तर तो परत मागण्याची तुमची बाजू भक्कम आहे. म्हणून आजच त्याला मेसेज टाका: "अमुक तारखेपर्यंत मूळ मालकाला आणून गाडी माझ्या नावावर करून द्या, नाहीतर इसार परत करा." फोनवर बोललात तर पुरावा उरत नाही.

आणि स्वतःचं लायसन्सही एकदा काढून बघा. पुष्कळ जणींकडे विनागिअर दुचाकीचंच असतं, ते गिअरच्या मोटरसायकलला चालत नाही. तुमचं तसं असेल तर गाडी नावावर झाली तरी, गिअरची परीक्षा देईपर्यंत ती शिकाऊ लायसन्सवर, 'एल'ची पाटी लावूनच चालवा.