तीन फूट भिंत, गोव्याची हवा आणि पहिली रीफ टाकी

तुमचा प्रश्न असा आहे: म्हापशात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉलमध्ये भिंतीलगत तीन फूट जागा, रीफ टाकी (जिवंत कोरलची, म्हणजे प्रवाळाची, खाऱ्या पाण्याची टाकी) ठेवायची आहे, पण खाऱ्या पाण्याचा अनुभव नाही. दुकानदार ३० लिटरची नॅनो (छोटी) टाकी आणि तिच्यावर महागडा लाईट सुचवतोय. घ्यावे का?

घेऊ नका. गोव्यात पहिली रीफ लाईट कमी पडला म्हणून सहसा मरत नाही. ती मरते मे महिन्यातल्या उकाड्याने, पाण्यातल्या मिठाच्या चढउताराने आणि पावसात रात्रभर वीज गेल्याने. म्हणून पैसे आधी तापमान, पाणी आणि वीज या तिघांवर घाला. लाईट शेवटी.

आधी टाकीचे माप. ३० लिटरच्या टाकीत दगड-वाळू घातल्यावर पाणी उरते जेमतेम २४ लिटर. त्यातले एक लिटर उडाले की क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे किती भाग) ३५ वरून साडेछत्तीसवर जाते, आणि उघड्या टाकीतून एवढे पाणी दिवसभरात उडू शकते. त्याऐवजी ६० × ४५ × ४५ सेंमीची, १० मिमी काचेची टाकी घ्या आणि खाली स्टँडमध्ये ४५ × ३५ × ३५ सेंमीचा संप (टाकीला नळ्यांनी जोडलेली दुसरी टाकी) ठेवा. दोन्ही मिळून साधारण १३० लिटर पाणी होते. तेच एक लिटर उडाले तर क्षारता पाव अंशाच्या आसपास हलते. स्टँडसकट सगळे वजन सव्वादोनशे किलोच्या घरात जाईल. तेव्हा टाकी खोलीच्या मधोमध नको, बीम असलेल्या भिंतीलगतच ठेवा. पश्चिमेची खिडकी टाळा.

स्टँड सुताराकडून मरीन प्लायचा करून घ्या, आयएस ७१० छापा पाहून. एमडीएफ दमटपणाने फुगतो आणि लोखंडी अँगलला वेल्डिंगच्या जोडापासून गंज धरतो, वरून पावडर कोटिंग असले तरी. बिजागऱ्या आणि स्क्रूही स्टेनलेसचे मागा.

आता चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र. लोक इथेच वाचवायला जातात आणि इथेच फसतात. पुण्यातले रीफवाले टाकीवर दोन पंखे लावून उन्हाळा काढतात. ते तिथे जमते, कारण पंखा पाणी उडवून थंडावा देतो आणि कोरड्या हवेत पाणी भराभर उडते. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पंख्याने पाणी तत्त्वतः २१-२२ अंशांपर्यंत उतरू शकते. आपल्याकडे मे महिन्यात हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असते. मग ती मर्यादा २८ च्या वरच अडते. त्यात पंप आणि लाईटची उष्णता मिळवा. तुम्हाला पाणी हवे २५ ते २७ अंश. म्हणजे एक तर खोलीत चोवीस तास एसी, नाहीतर १/१० एचपीचा चिलर. त्याची कॉइल टायटॅनियमची आहे याची खात्री करा. तांबे पाण्यात उतरले तर कोरल आणि कोळंबी दोन्ही संपतात.

चिलर स्टँडच्या आत कोंडू नका. स्वतःचीच गरम हवा ओढून तो तासन्‌तास चालत राहतो. तुमच्या तीन फुटांपैकी दोन टाकीला गेले, उरलेला एक चिलरचा. बाल्कनीतही नको, तिथे पाऊस आणि खारी हवा त्याचे फिन खाऊन टाकतात. हीटर मात्र इथे सहसा लागत नाही. रात्रभर एसी चालणार असेल तरच १०० वॉटचा ठेवा.

पाण्याबद्दल दोन मोह आवरा. पहिला, समुद्राचे पाणी. मिरामारसारखा किनारा मांडवीच्या मुखाशी आहे. पावसात नदीचे गोडे पाणी आणि गाळ तिथेच येतो, क्षारता महिन्यागणिक बदलते. दुसरा, किनाऱ्यावरची वाळू. तिच्यात बहुतांशी क्वार्ट्झ आणि काळी जड खनिजे असतात. तुम्हाला हवी कॅल्शियमची अरागोनाइट वाळू, अडीच सेंमी थराला साधारण १० किलो.

मीठ विकतचे, रीफसाठीचे. लिटरला ३८ ग्रॅम धरा आणि शेवटचे माप रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजणाऱ्या यंत्राने) पक्के करा: २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. हे यंत्र ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. नुसत्या आरओच्या पाण्याने जुळवले तर ३५ च्या आसपास चूक राहू शकते. पिशवी फोडली की मीठ लगेच घट्ट झाकणाच्या बादलीत ओता, नाहीतर जूनमध्ये दगड होतो.

गोडे पाणी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनचे (उरलेले क्षार काढणाऱ्या फिल्टरचे), टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) शून्य. स्वयंपाकघरातला आरओ जसाच्या तसा चालत नाही, कारण चवीसाठी तो नळाचे थोडे पाणी किंवा खनिजे परत मिसळतो. मेंब्रेननंतर लगेच फाटा काढून डीआय काडतूस जोडा. त्याआधीचे कार्बन फिल्टर वेळेवर बदला, क्लोरीनने मेंब्रेन खराब होते.

उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी आपोआप भरणारे एटीओ पहिल्या दिवसापासून हवेच. ऑप्टिकल सेन्सर आणि वर जादा फ्लोट असलेले घ्या. डबा संपशेजारी १० लिटरचाच ठेवा. सेन्सर अडकून सगळा डबा रिकामा झाला तरी क्षारता अडीच अंशांनी उतरेल, टाकी वाचेल. नळीचे टोक पाण्याच्या वर राहू द्या, नाहीतर सायफन होऊन डबा उलटा भरतो.

रिटर्न पंप (संपमधले पाणी वर टाकीत चढवणारा) २४ व्होल्ट डीसीचा, सव्वा मीटर उंचीवर ताशी ५०० लिटर प्रत्यक्ष देणारा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणून १२००-१५०० चा घ्या. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) ताशी २५०० लिटरपर्यंत पुरे. आठवड्याला १२ लिटर पाणी बदलणार असाल तर स्किमर (फेसाने घाण काढणारे यंत्र) पहिल्या सहा महिन्यांत नसला तरी चालेल. संपमध्ये त्याची जागा तेवढी राखून ठेवा.

आता लाईट, आणि त्यासाठी आधी कोरल कोणते हे ठरवावे लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत सगळे दगडी कोरल, काळे कोरल, सी फॅन आणि सगळे समुद्रघोडे आहेत. ग्रँड आयलंडच्या डाइव्हमधून उचललेला छोटा तुकडासुद्धा गुन्हा आहे, आणि तिथला प्रवाळ मुळात आधीच मोजका आहे. दगड कोरडा किंवा कृत्रिम घ्या, १२ किलो. जीव म्हणून झोआंथिड, मशरूम, लेदर हे मऊ प्रकार, तेही बिल देणाऱ्याकडूनच. यांना ५० ते १०० पार (कोरलला उपयोगी प्रकाशाचे माप) पुरते. ५०-६० वॉटचा एलईडी दिवसाला आठ तास, बस्स. डोसिंग पंप आणि कॅल्शियम रिअॅक्टर (दगडी कोरलला कॅल्शियम पुरवणारी यंत्रे) घेऊच नका. टेस्ट किट मात्र चार: अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, केएच (पाण्याची अल्कता).

विजेचे काम इलेक्ट्रिशियनकडून: टाकीसाठी वेगळे सर्किट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), सर्ज प्रोटेक्टर. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे थेंब सॉकेटात न जाता खाली गळतील. वीज गेल्यावर पहिली टंचाई ऑक्सिजनची होते, तापमानाची नंतर. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर घ्या. चिलर नको, तो बॅटरी लवकर संपवेल. शिवाय बॅटरीवरचा एक एअर पंप कपाटात असू द्या.

मीठ घालण्याआधी टाकी तीन दिवस साध्या पाण्यावर चालवा आणि मेन स्विच बंद करून बघा. वरून तीन सेंमी पाणी उतरले तर संपमध्ये आठ लिटर येतील. संपची पातळी २० सेंमी ठेवली असेल तर ते आरामात मावतात. रिटर्न नळीला पाण्याच्या रेषेखाली लगेच सायफन तोडणारे ५ मिमीचे भोक हवे. ते शेवाळाने बुजले तर वीज गेल्यावर टाकीचे पाणी फरशीवर येऊ शकते, म्हणून दर आठवड्याला टूथपिक फिरवा. ही चाचणी पाच वेळा करा, त्यातली एक रात्री अंधारात, म्हणजे बॅकअपची वायर कुठे आहे ते हाताला माहीत होईल.