गिअरलेस स्कूटरचं सर्व्हिसिंग आणि ट्यूनिंग घरी कसं करावं? कार्बोरेटरचा स्क्रू कधी फिरवावा?

घरी करता येतं, आणि करावंही. फक्त तुमच्या प्रश्नातला क्रम उलटा करावा लागेल. तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं जुनी, कार्बोरेटरची गिअरलेस स्कूटर आहे, सकाळी सेल्फवर लवकर सुरू होत नाही, पिकअप गेलाय, ॲव्हरेज पडलंय, तर कार्बोरेटरचा कोणता स्क्रू किती फिरवू? बहुतेक वेळा याचं उत्तर ‘कुठलाच नको’ असं असतं. मधे कोणी हात लावला नसेल तर तो स्क्रू कारखान्यात जिथे ठेवला होता तिथेच आजही आहे. बदललंय ते आजूबाजूचं. फिल्टर चोंदलाय, प्लगची गॅप वाढलीय, टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हवरची फट ठेवणारे स्क्रू) टाइट झालेत, जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) पेट्रोलचा चिकटा बसलाय. हे सगळं तसंच ठेवून स्क्रू फिरवला की गाडी थोडे दिवस बरी चालते आणि मग एका बिघाडाचे दोन होतात. त्यामुळे ट्यूनिंग हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम.

हत्यारं फार लागत नाहीत. गोटी पान्यांचा बरा सेट, प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), हवा मोजायचा गेज, साधा मल्टिमीटर. टॉर्क रेंच मिळाला तर उत्तम, कारण इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची असते आणि जोर जास्त झाला की आटे जातात. प्लग आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत आत गेला पाहिजे, मगच पाना लावायचा. आणि गाडीचं मॅन्युअल शोधून ठेवा. मी खाली जे आकडे देतोय ते साधारण आहेत. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तोच खरा.

पाना उचलण्याआधी एक परीक्षा करा. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेस द्या आणि कान इंजिनकडे ठेवा. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, असं असेल तर दोष बेल्ट-क्लचच्या बाजूला आहे, कार्बोरेटरचा संबंध नाही. इंजिनच चढत नसेल, गुदमरत असेल, तर हवा, पेट्रोल, प्लग, टॅपेट यांच्याकडे बघायचं. हे न पाहता लोक थेट कार्बोरेटर खोलतात आणि अख्खी सुट्टी घालवतात.

तेवढ्यात मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक शू घासत असतील तर चाक लगेच अडतं. ड्रम ब्रेकच्या लिव्हरला टोकाशी साधारण १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. टायरची हवा गाडी थंड असताना मोजा. पडलेल्या ॲव्हरेजचं कारण कितीतरी वेळा या दोन गोष्टींतच सापडतं, पण त्यात काही ‘मेकॅनिकगिरी’ नसल्यामुळे कोणाला ते पटत नाही. ड्रम उघडलात तर आतली धूळ फुंकून उडवू नका, जुन्या शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

ऑईल बदलताना इंजिन कोमट हवं, चटका बसेल इतकं गरम नको. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक स्कूटरमध्ये ७०० ते ८०० मिली ऑईल बसतं, ग्रेड बहुधा १०डब्ल्यू-३०. डब्यावर ‘जासो एमबी’ लिहिलेलं ऑईल स्कूटरसाठी असतं. मोटरसायकलचा क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो म्हणून तिला ‘एमए’ लागतं. स्कूटरचा क्लच कोरडा, त्यामुळे तिथे ती अट नाही. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वरपर्यंत भरू नका. जादा ऑईल ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, फिल्टर भिजतो, गाडी धूर सोडते, आणि मग पुन्हा कार्बोरेटरवर आळ येतो. काही इंजिनांत ड्रेनच्या जागी मोठं झाकण असतं आणि त्यामागे स्प्रिंग आणि जाळी. ती खाली पडते, कशी बसली होती ते आधी बघून ठेवा. मागच्या चाकाजवळ गिअर ऑईलची वेगळी टाकी असते, जेमतेम १०० मिलीच्या आसपासची. ती वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. तिथून दुधाळ ऑईल निघालं तर आत पाणी गेलंय. काढलेलं ऑईल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

फिल्टर कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं ऑईल चोळून पिळून बसवा. कागदी पण तेलकट लागणारा असेल तर तो धुवायचा नाही, हवाही मारायची नाही. त्यावरचं ऑईलच धूळ धरतं, तेव्हा मुदत झाली की सरळ नवा. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर हलकी हवा चालते. डब्याच्या खाली एक बूच लावलेली नळी असते, तिच्यात साठलेलं पाणी-ऑईल काढून टाका.

आता प्लग. तो काढलात की इंजिन आत काय करतंय ते दिसतं. टोक फिकट तपकिरी असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक म्हणजे उलट. ओलसर, तेलकट काळा म्हणजे ऑईल वर चढतंय, आणि त्यावर घरी इलाज नाही. गॅप बहुधा ०.८ ते ०.९ मिमी असते. रंग बघायचा तो गाडी नीट फिरवून आणल्यावर. नुसती उभ्या जागी चालवलेल्या गाडीचा प्लग काळा दिसतोच.

टॅपेटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घरी काम करणारे याच कामाला बिचकतात आणि जुन्या गाडीला याचाच सगळ्यात जास्त फायदा होतो. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या सीटवर आपटून थोडा थोडा आत बसत जातो. त्यामुळे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट कमी होते, आवाजही कमी होतो, आणि मालकाला वाटतं इंजिन किती शांत चालतंय! पुढे फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं. थंड इंजिन सुरू व्हायला त्रास होतो, किक हलकी लागते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला लागतो. थोडी टिकटिक करणारा टॅपेट मला चालतो. एकदम गप्प झालेला बघितला की मी फिलर गेज काढतो.

काम असं. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, गरम इंजिनवर मोजलेली फट खोटी. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. मॅग्नेटवरची (इंजिनबरोबर फिरणारं जड चाक) ‘टी’ची रेघ बॉडीवरच्या खुणेसमोर आणा. या वेळी दोन्ही रॉकर किंचित हलले पाहिजेत. एखादा ताठ असेल तर तुम्ही बहुधा चुकीच्या फेरीवर आहात, अजून एक पूर्ण फेरा द्या. मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीची पट्टी फटीत सरकवा; ती हलकी घासत सरकली पाहिजे, अडकायला नको आणि लोंबकळायलाही नको. लॉक नट आवळताना मधला स्क्रू धरून ठेवा आणि आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. नट आवळताना फट बदलतेच, आणि दुसऱ्यांदा मोजायचा कंटाळा करणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते.

बॅटरीला फार वेळ लागत नाही. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर छान, १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. इंजिन चालू करून रेस दिल्यावर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. नाही दिसले तर नवी बॅटरीही टिकणार नाही. सेल्फ दमला असेल तर किक मारून पाहा. किकवर पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होत असेल तर तुमची सकाळची तक्रार विजेची आहे.

इथवर आल्यावर कार्बोरेटर. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकटा राहतो. तो आधी स्लो जेट (रेस न देता इंजिन चालू ठेवणारा) बंद करतो, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. लक्षण अगदी ठळक असतं: गाडी स्लोवर उभी राहत नाही, पण रेस दिली की व्यवस्थित पळते. बाउलखालचा (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढा. जेट क्लीनर आणि हवेने साफ करा. त्यात पोलादी तार घालू नका. जेट पितळी असतो, भोक मोठं झालं की तो फेकावा लागतो. थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारा ऑटोचोकही तपासा. इंजिन तापल्यावर त्याची सुई बाहेर येऊन जादा पेट्रोलची वाट बंद करते. तो मेला असेल तर गाडी दिवसभर चोक ओढल्यासारखी चालते, प्लग काळा होतो आणि ॲव्हरेज कोसळतं. काढून १२ व्होल्ट द्या, काही मिनिटांत तो तापून सुई पुढे सरकली पाहिजे. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर वाकवून चिरा बघा. शंका असेल तर गाडी स्लोवर असताना त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की तिथून गाडी हवा ओढतेय.

हे सगळं झालं असेल तरच स्क्रू. काम उघड्यावरच करा, बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी मिश्रणाचा स्क्रू किती फेऱ्या उघडा आहे ते हलकेच आत फिरवून मोजा, लिहा, आणि परत होता तिथे आणा. शेवटी जोर लावला तर सुईचं टोक खराब होतं. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने हवा वाढते. गाडी चांगली फिरवून तापवा. मग पाव-पाव फेरा आत-बाहेर करत इंजिन सगळ्यात जास्त आणि एकसारखं कुठे फिरतं ते शोधा, तिथे सोडा, आणि स्लोचा स्क्रू कमी करून आवाज जागेवर आणा. बऱ्याच स्कूटरचा स्लो १७०० आरपीएमच्या आसपास असतो. स्लो जास्त ठेवला तर क्लच अर्धवट धरतो, सिग्नलला गाडी पुढे रेटते आणि क्लच शू विनाकारण झिजतात.

बेल्टच्या बाजूचं थोडक्यात. झाकण उघडणं सोपं आहे, व्हेरिएटरचा (बेल्टची पुढची पुली) नट मात्र अवघड. पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून तो खोलू नका, पाती तुटतात, होल्डर वापरा. व्हेरिएटरच्या आतले रोलर (गोल वजनं) एका बाजूने चपटे झाले असतील तर सहाही एकदम बदला. परत बसवताना मागच्या पुलीत बेल्ट दाबून खोल घाला, म्हणजे पुढे तो सैल राहील. नाहीतर नट बेल्टवरच आवळला जातो, चालवताना सुटतो आणि शाफ्टचे दाते खातो. हलके रोलर टाकून पिकअप वाढतो हे खरंय, पण इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं आणि ॲव्हरेज जातं. फिल्टर काढून टाकणं, सायलेन्सर कापणं याला मी ट्यूनिंग म्हणत नाही.

इंजेक्शनच्या गाडीला यातलं कार्बोरेटरचं काही लागू नाही. तिथे मिश्रण ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) ठरवतो. तुमच्या हातात फिल्टर, प्लग, टॅपेट आणि चांगली बॅटरी.

तुमच्या तीन तक्रारी एकत्र बघता माझा पहिला संशय टॅपेटवर आहे, दुसरा फिल्टरवर. आधी किक हलकी लागते का ते पाहा, मग प्लग काढून रंग बघा. काळा निघाला तर फिल्टर आणि ऑटोचोक, पांढरा निघाला तर स्लो जेट आणि ते रबर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढची बदलण्याआधी एक टाकी गाडी चालवा.