नागपूरच्या उन्हाळ्यात गॅडोलिनियम हा धातू लोहचुंबकाला चिकटत नाही, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. लोखंडाचं चुंबकत्व घालवायला ते सुमारे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, गॅडोलिनियमचं २० अंशांच्या आसपासच जातं. त्यामुळे नवतप्यात, पारा ४५ च्या घरात असताना, साधं लोहचुंबक त्याला धरून ठेवू शकणार नाही. डिसेंबरच्या पहाटे धंतोलीतल्या गच्चीवर मात्र तोच तुकडा टपकन चिकटेल. (ताकदीचं निओडिमियम चुंबक उन्हाळ्यातही त्याला थोडंफार ओढतं, तेव्हा पैज लावताना जपून.) मे महिन्यातच बघायचं असेल तर तुकडा आधी फ्रिजमध्ये ठेवा, मग चुंबकाला टांगा. गरम होत गेला की आपोआप गळून पडेल.

हा गुण उशिरा कळला. १८८० मध्ये जिनिव्हात मारिन्याक यांना वर्णपटातल्या अनोळखी रेषांवरून या मूलद्रव्याचा सुगावा लागला. १८८६ मध्ये फ्रान्सच्या ब्वाबोद्राँ यांनी त्याचं ऑक्साइड वेगळं केलं आणि फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ गॅडोलिन यांच्या नावावरचं नाव रुजलं. पण पुरेसा शुद्ध धातू हाती यायला १९३५ उजाडलं, आणि त्याचं चुंबकत्व त्यानंतरच मोजता आलं.

बाकी अणुक्रमांक ६४, रंग चंदेरी. एमआरआयच्या आधी कधीकधी जे इंजेक्शन देतात, त्यात बहुधा हाच असतो. सुटा आयन विषारी, म्हणून तो दुसऱ्या रेणूत घट्ट बांधून देतात.