दूषित जागांपैकी आधी कोणती स्वच्छ करावी?

प्रश्न : शेतात तीन ठिकाणी माती दूषित असल्याची शंका आहे: विहिरीजवळची कीटकनाशके कालवण्याची जुनी जागा, पूर्वी बॅटऱ्या फोडल्या जात ती अंगणालगतची जागा आणि कारखान्याचे सांडपाणी मिळालेला भाजीपाल्याचा तुकडा. सर्व खर्च एकदम झेपणार नाही. परीक्षणात सर्वांत मोठा आकडा येईल तिथून सुरुवात करावी का?

उत्तर : केवळ आकड्यावरून क्रम लावू नये. बॅटऱ्यांतून येणारे शिसे आणि कारखान्याच्या सांडपाण्यातून येऊ शकणारा कॅडमियम हा विषारी धातू यांच्या घातकतेत मोठा फरक असल्याने प्रत्येक आकडा त्या-त्या घटकाच्या मर्यादेशीच ताडावा लागतो. शिवाय ते विष कोणाच्या शरीरात, कोणत्या वाटेने आणि किती वेळा जाते, हेही पाहावे लागते.

आपण दिलेल्या माहितीवरून अंगणालगतची जागा मी पहिली धरतो. शिसे मातीत कुजत नाही, सहसा खोलवर झिरपत नाही, वरच्या थरातच टिकते आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातातून थेट तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लहान मुले मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट शिसे शोषू शकतात, आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. येथे नमुना घेताना खतांसाठी घेतो तसा १५ सेंटिमीटर खोलीचा घेऊ नये, कारण खालच्या स्वच्छ मातीमुळे आकडा फसवा कमी येतो. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर वेगळा तपासावा. तोवर जागेला कुंपण घालावे, कोरडे झाडू नये, नांगरू नये आणि मुलांच्या रक्तातील शिसे डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासून घ्यावे.

विहिरीचे पाणी पिण्यात असेल, तर तो धोका घरातील सर्वांना रोजचा आहे. मात्र तो मार्ग आजच बंद करता येतो: कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी होईपर्यंत ते पाणी पिऊ नये, उकळूनही नाही. त्यामुळे तेथील माती हटवणे दुसऱ्या क्रमांकावर ठेवता येईल.

भाजीपाल्याचा तुकडा शेवटी घ्यावा. आम्लधर्मी जमिनीत पालेभाज्या कॅडमियम अधिक शोषतात, म्हणून त्या तूर्त थांबवाव्यात. माती आम्लधर्मी आढळल्यास चुन्याने सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) ६.५ च्या आसपास आणावा आणि फळभाजी घेतली, तरी विक्रीपूर्वी तिची तपासणी करावी.

कोणत्याही जागेवरून उचललेली माती बांधावर किंवा उकिरड्यात टाकू नये.